इंजिनिअरिंग वाया गेले काय?



परवा आम्ही जूचंद्रला एका घरी गेलो होतो. नायगाव पूर्वेचे हे गाव रांगोळीसाठी नावाजलेले. दारातली रांगोळी चुकवीत आत शिरलो, चहा झाला आणि घरच्या माऊलीने मनातली सल बोलून दाखविली. "दादा, पोराच्या इंजिनिअरिंगसाठी कर्ज काढलं. आता म्हणतो, वकिली शिकतो, पेटंटचं काम करतो. मग आधीची चार वर्षं वाया गेली म्हणायची का?" मुलगा मान खाली घालून बसला होता. त्या माऊलीला जे सांगितले तेच येथे लिहीत आहोत, कारण हा प्रश्न एकाच घरचा नाही.

पेटंट म्हणजे नव्या शोधावर शोधकर्त्याला मिळणारा हक्क. अर्ज केल्या दिवसापासून २० वर्षे त्याच्या परवानगीवाचून ती वस्तू दुसऱ्याला करता वा विकता येत नाही. रांगोळीचे चित्र कॉपीराइटमध्ये येते, पण रांगोळी चाळण्याचे अगदी नवे यंत्र कोणी काढले तर ते पेटंटचे काम. ते यंत्र नेमके काय करते आणि त्यात नवे काय, हे कायद्याच्या भाषेत लिहावे लागते. नुसत्या वकिलाला यंत्र कळत नाही, नुसत्या इंजिनिअरला कायदा कळत नाही. दोन्ही जाणणारा माणूस लागतो.

लिहिलेल्या कागदाचे मोल काय, ते हळदीने शिकविले. हळदीने जखम भरते हे आपल्या आजीला ठाऊक होते. तरी १९९५ साली अमेरिकेत त्यावर पेटंट दिले गेले. तेव्हा आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर, गोव्यातल्या माशेलचे, मुंबईत गरिबीत शिकलेले केमिकल इंजिनिअर. परिषदेने जुने ग्रंथ आणि छापील लेख पुरावा म्हणून पुढे ठेवले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. आजीचे ज्ञान खरेच होते, पण जिंकला तो कागद.

आणि ज्यांच्या नावाचा कागदच होऊ दिला नाही, त्यांचे काय? अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात नेड नावाचा एक गुलाम लोहार होता. त्याने कापसाच्या शेतीसाठी नवे अवजार बनविले. मालकाने पेटंट मागितले. १८५८ साली सरकारच्या कायदा अधिकाऱ्याने निर्णय दिला की गुलामाच्या शोधाला पेटंट नाही. गुलाम नागरिक नाही म्हणून त्याला नाही, आणि मालकाने शोध लावलेला नाही म्हणून त्यालाही नाही. अवजार राहिले, नेडचा हक्क गेला.

त्याच मिसिसिपीत १८५७ साली हेन्री बेकर जन्मले. १८७४ साली त्यांना नौदलाच्या अकादमीत प्रवेश मिळाला, पण गोऱ्या सहाध्यायांनी जगणे असह्य केले आणि त्यांना बाहेर पडावे लागले. १८७७ साली ते वॉशिंग्टनच्या पेटंट कार्यालयात नक्कल करणारे कारकून म्हणून लागले. नोकरी सांभाळून तंत्रशाळेत शिकले, मग हॉवर्ड विद्यापीठातून १८८१ साली कायद्याची पदवी घेतली आणि चढत चढत सहायक परीक्षक झाले.

पेटंटच्या नोंदीत शोधकर्त्याचा वंश लिहिलेला नसे, म्हणून "काळ्यांनी कुठे शोध लावलेत?" असे खुशाल म्हटले जाई. बेकरांनी देशभरच्या पेटंट वकिलांना, कारखानदारांना, संपादकांना पत्रे पाठविली आणि एकेक नाव गोळा केले. त्यात एलिजा मॅकॉय होते. एडिंबरोला शिकलेला इंजिनिअर, पण काळा म्हणून रेल्वेने कोळसा टाकायला ठेवलेला. चालत्या इंजिनाला आपोआप तेल देणारे साधन त्यांनी काढले, त्याचे पेटंट १८७२ चे. बेकरांची यादी १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात मांडली गेली. ते दालन उभारणाऱ्यांत ड्यू बॉईस होते. १९४६ साली बाबासाहेबांनी ज्यांना पत्र लिहिले, तेच हे ड्यू बॉईस.

बेकरांनी स्वतः यंत्र काढून नाव कमावले नाही. पण यंत्र आणि कायदा दोन्ही जाणणारा आपला माणूस त्या कचेरीत बसला होता, म्हणून शेकडो नावे पुसली गेली नाहीत.

आता घरची गोष्ट. आपला पेटंट कायदा १९७० चा. पेटंट एजंट होण्यासाठी भारताचे नागरिकत्व, २१ वर्षे पूर्ण आणि विज्ञान, इंजिनिअरिंग किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते. मग पेटंट कार्यालयाची परीक्षा. नुसत्या कायद्याच्या पदवीवर एजंट होता येत नाही. म्हणजे, माऊली, तुमच्या पोराची इंजिनिअरिंगची पदवी हीच या दाराची किल्ली आहे! एजंटच्या परीक्षेला वकिलीची पदवी लागत नाही. ती परीक्षा त्याने आधी द्यावी, चार पैसे कमवावेत, कर्जाचे हप्ते सुरू करावेत. कोर्टात उभे राहायचे असेल तर वकिली पुढे शिकता येईल. सरकारी नोकरीची ओढ असेल तर पेटंट परीक्षकांची भरती निघते, तिच्यावर लक्ष ठेवावे. ती दरवर्षी निघेलच असे नाही, म्हणून तिच्या भरवशावर हातावर हात ठेवून बसू नये. पेटंट कार्यालयाची मुंबई शाखा अँटॉप हिलला आहे. नायगावहून लोकलने जाता येईल इतकी जवळ.

आमचे बोलणे संपल्यावर माऊली काही बोलली नाही. उठली आणि पोराच्या पुढ्यात चहाचा दुसरा कप ठेवला. आम्ही समजलो. दाराशी येऊन तिने जयभीम केला, आम्हीही केला, आणि रांगोळी चुकवीत बाहेर पडलो.