दोन गुणांचे अंतर

टोकियो ऑलिम्पिकमध्ये 25 जुलै 2021 रोजी महिलांच्या 10 मीटर एअर पिस्तूल प्रकाराच्या पात्रता फेरीत मनू भाकरचे पिस्तूल ऐन भरात बिघडले. इलेक्ट्रॉनिक ट्रिगरमधील दोष दूर होईपर्यंत घड्याळ थांबले नाही. उरलेले नेम घाईने साधावे लागले. तिचे गुण झाले 575 आणि स्थान बारावे. अंतिम फेरी 577 गुणांवर होती.

त्यानंतरची चर्चा प्रामुख्याने प्रशिक्षकांशी झालेल्या मतभेदांभोवती फिरली. पिस्तुलाच्या निगराणीचा प्रश्न मागे पडला.

या प्रकारात 75 मिनिटांत 60 नेम साधायचे असतात आणि दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा 11.5 मिलिमीटर असतो. श्वासावर ताबा, स्थिर मनगट आणि ट्रिगरवर समान, संथ दाब हेच येथील तंत्र. ट्रिगरचे वजन किमान 500 ग्रॅम असावे लागते. हा दाब प्रत्येक वेळी सारखाच लागला, तरच वर्षानुवर्षांचा सराव फळतो. म्हणूनच ट्रिगरची बॅटरी, सिलिंडरमधील हवेचा दाब, सील आणि नळीची स्वच्छता यांची तपासणी हा सरावाचाच भाग मानला पाहिजे.

पॅरिसमध्ये 2024 साली मनूने दोन कांस्यपदके जिंकून टोकियोचे शल्य पुसले. मात्र तेथेही वैयक्तिक रौप्य 0.1 गुणाने हुकले. इतक्या सूक्ष्म फरकाच्या खेळात प्रशिक्षकाइतकेच महत्त्व पिस्तूल दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञालाही द्यावे लागेल. तशी सोय जिल्हा पातळीवरील नवोदितांपर्यंत पोहोचणे, ही खरी निकड आहे.