गाडी कोणाच्या वेळेला येते?



यॉर्क हे उत्तर इंग्लंडमधले तटबंदीचे जुने शहर. समाजकार्याचे शिक्षण घेताना ते आम्हाला माहीत झाले एका माणसामुळे. सीबोम राउंट्री हा तिथल्या चॉकलेटच्या कारखानदाराचा मुलगा. 1899 साली त्याने या शहरातल्या 11,560 कामगार कुटुंबांची घरोघर पाहणी करवली आणि नुसते जगण्यापुरते किती लागते याचा हिशेब मांडला. आई, बाप, तीन मुले मिळून आठवड्याला 21 शिलिंग 8 पेन्स. 1901 साली त्याचे पुस्तक आले. त्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. या हिशेबात प्रवासासाठी एक पेनीही धरलेली नव्हती. आगगाडी नाही, बस नाही, जायचे तर पायी. हे त्याने स्वतःच स्पष्ट नोंदवले, कारण ही रेषा किती कठोर आहे ते त्याला लोकांना दाखवायचे होते. दारिद्र्यरेषेवर आपण पुष्कळ शिबिरे घेतली. तिच्यात बसभाडे धरले आहे का, हे किती जणींनी विचारले?

गेल्या हिवाळ्यात अभ्यासासाठी काही आठवडे मी यॉर्कमध्ये राहिले. चालणारीसाठी ते शहर खरोखर सुखाचे आहे. तटाच्या आतल्या जुन्या गल्ल्या 1987 पासून दिवसाच्या ठरलेल्या वेळी गाड्यांना बंद असतात. रस्त्यावर पहिला हक्क कोणाचा याची नगरपालिकेने क्रमवारीच लावली आहे. सर्वांत वर पायी चालणारे, मग अपंग, आणि एकटा माणूस मोटार घेऊन कामाला निघतो तो अगदी तळाशी. (लक्ष्मी रोडवरून पिशव्या सांभाळत जाणाऱ्या मैत्रिणींनी हे वाक्य पुन्हा वाचावे.)

पण कागदावर दुसरा नंबर असलेल्यांचे काय झाले पाहा. 2020 मध्ये कोविडच्या काळात या गल्ल्यांमधून अपंगांच्या परवानाधारक गाड्यांनाही बंदी आली आणि 2021 च्या नोव्हेंबरमध्ये ती कायमची केली गेली. ज्याला पन्नास पावलेही चालवत नाहीत त्याची बँक, त्याचे औषधाचे दुकान त्याला बंद. म्हणजे ती खेप पडली सोबत करणाऱ्या बायकोवर, मुलीवर, पगारी सेविकेवर. अपंगांच्या गटांनी लढा सोडला नाही. 2023 च्या निवडणुकीत सत्ता बदलली, तेव्हा कुठे 2024 च्या जानेवारीत त्यांना पुन्हा वाट मिळाली. ‘पादचारी’ म्हटले की धोरण करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर धडधाकट, मोकळ्या हाताचा माणूसच उभा राहतो.

बसची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. 1986 मध्ये लंडन सोडून बाकी इंग्लंडची बससेवा खुली केली गेली. कोणत्या मार्गावर किती फेऱ्या हे कंपनी ठरवणार. जिथे नफा नाही तिथे नगरपालिकेने पैसे घालून गाडी चालवायची. नफा कुठे नाही? रात्री, रविवारी, खेड्यांकडे. पैसा आटला की आधी याच फेऱ्या जातात. यॉर्कमध्ये शहराबाहेर सहा ठिकाणी मोटार ठेवून बसने आत येण्याची सोय आहे. पहिली 1990 साली झाली. या गाड्या वरचेवर सुटतात, स्वच्छ असतात. ज्यांच्याकडे मोटार आहे त्यांना उत्तम बस, हे मला गमतीचे वाटले. मोटारींची गर्दी कमी होते हे खरे, पण पहाटे पाचला कचेऱ्या झाडायला जाणारीला त्याचा काय उपयोग? माझ्या शेजारची एक बाई असे काम करायची. पहिली बस तिची पाळी सुरू झाल्यावर यायची. ती अंधारात, थंडीत, सायकलने जायची. घरोघर जाऊन वृद्धांची सेवा करणाऱ्या बायकांचे आणखी निराळे. दोन घरांमधल्या प्रवासाचा वेळ पगारात धरायचा की नाही यावर तिथे वर्षानुवर्षे भांडण चालू आहे.

सवलती नाहीत असे नाही. 2023 पासून एका खेपेचे तिकीट जास्तीत जास्त 2 पौंड केले गेले, 2025 पासून 3 पौंड. पण बाईची खेप कधी एकसंध असते का? मुलाला शाळेत सोडायचे, तिथून कामावर, येताना सासूचे औषध, मग घर. दिवसाचा पास आहे, तो परवडला तर ठीक. नाहीतर दर तुकड्याला तिकीट. वृद्धांना 2008 पासून देशभर मोफत पास आहे. तो साठीला मिळायचा. 2010 पासून तो बायकांच्या पेन्शनच्या वयाला बांधला गेला. ते वय वाढत वाढत 2020 मध्ये 66 झाले, पासही तेवढाच लांबला. शिवाय सोमवार ते शुक्रवार देशाचा नियम सकाळी साडेनऊनंतरचा. काही नगरपालिका वेळ अलीकडे आणतात, पण मूळ नियम तो. नातवाला शाळेत पोचवायची वेळ त्याच्या आधीची. आजीचे ते काम फुकट, आणि त्यासाठीची बस मात्र पैसे देऊन!

आपल्याकडे 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले. बाया माहेरी जाऊ लागल्या, बाजाराला जाऊ लागल्या, कोर्टाच्या तारखेला एकट्या जाऊ लागल्या. हे मी माझ्या कामात रोज पाहते आणि त्याचे मोल मला कमी करायचे नाही. पण ज्या गावात संध्याकाळची फेरी बंद पडली आहे तिथे अर्ध्या तिकिटाचे काय करायचे? बारावीची मुलगी जादा तासाला थांबत नाही, कारण गाडी नाही. मारहाण झालेली बाई रात्री निघू शकत नाही, कारण गाडी नाही. मागणीपत्रात आपण ‘सवलत’ लिहितो, ‘फेरी’ लिहीत नाही. यॉर्कच्या थांब्यावर उभी असताना मला हे जास्त टोचले.

पुढच्या अंकासाठी एक काम. प्रत्येक गटाने आपल्या गावच्या पहिल्या आणि शेवटच्या गाडीची वेळ लिहून पाठवावी. गेल्या पाच वर्षांत कोणती फेरी बंद झाली, ती गाडी कोण वापरत होते, आणि आता त्या बाया कशा जातात, हेही. नावे घालू नका. डेपोला अर्ज दिला असेल तर त्याची नक्कल आणि आलेले उत्तर जोडा. उत्तर आलेच नसेल तर अर्जाची तारीख तेवढी कळवा.