जुनी नाणी आणि चिंचेचे पाणी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पुष्कळ घरांतून देवापुढे एक ताम्हन मांडले जाते आणि त्यात पिढ्यान्‌पिढ्या जपलेली चार जुनी नाणी विराजमान होतात. राणी छाप रुपया असतो, एखादी शिवराई असते, क्वचित आजेसासूबाईंच्या माळेतून निसटलेली पुतळीही असते. ही पुतळी मूळची दूरच्या व्हेनिस शहरातली! तिच्यावर तिथले संत आणि त्यांच्यापुढे गुडघे टेकलेले सत्ताधीश असत. ती इकडे आली आणि आपल्या बायकांच्या गळ्यात जाऊन अगदी मराठमोळी झाली.

पूजेच्या आदल्या दिवशी या साऱ्या मंडळींना चिंचेच्या कोळात अभ्यंगस्नान घडते. वर राखेने किंवा पावडरीने घासणे असतेच. आमच्या घरी मी एकदा याला हरकत घेतली, तेव्हा सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, म्हणजे लक्ष्मीला काळ्या तोंडाने बसवायची का?"

प्रश्न बिनतोड आहे. पण नाण्याचीही काही बाजू आहे, ती आज मांडावी म्हणतो.

तांब्याच्या नाण्यावर काळाने जो तपकिरी किंवा हिरवट थर चढतो, त्याला आपण मळ समजतो. पुष्कळदा ती नाण्याची कातडी असते. आतल्या धातूचे ती रक्षण करते. चिंचेतले आम्ल ती कातडी सोलून काढते, आणि राख अक्षरे झिजवते. नाण्यावरची अक्षरे असतात तरी किती उंच? जेमतेम केसाएवढी! शिवाजी महाराजांनी 1674 मध्ये राज्याभिषेकसमयी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. शिवराईच्या एका बाजूस 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति' आणि कडेने ठिपक्यांचे वर्तुळ. तिला शंभर दिवाळ्या घासा. ठिपके जातात, मग 'छत्रपति' जातात, आणि हाती उरते ती तांब्याची गुळगुळीत चकती. वाण्याच्या तराजूत तिचे वजन भरेल, पण महाराजांचे नाव तिच्यावर सापडायचे नाही.

नाणी जमवणाऱ्यांचा पहिला धडा हाच आहे. नाणे किती जुने, याहून ते किती शाबूत आहे याला मोल अधिक. लोकांना वाटते, जितके प्राचीन तितके महाग. तसे नाही. ठसे मारलेली चांदीची आहत नाणी दोन हजार वर्षांहून जुनी आहेत, पण ती इतकी सापडली आहेत की नुसत्या वयावर ती भाव खात नाहीत. अक्षर स्पष्ट, काठ धड, भोक पाडलेले नाही, कडी डाकलेली नाही, घासलेले नाही, असे नाणे हाती आले की जाणकाराचा चेहरा उजळतो.

दुसरा धडा मात्र पहिल्याहून मोठा आहे. नाणे कुठे सापडले आणि कोणाच्या सोबतीने सापडले, हे कळले पाहिजे. नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे 1906 मध्ये चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा निघाला. तेरा हजारांवर नाणी, सारी क्षत्रप नहपानाची; आणि त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला! एक राजा हरला आणि दुसऱ्याने त्याचाच पैसा आपल्या नावाने चालवला, ही गोष्ट त्या साठ्याने एका दमात सांगितली. तीच नाणी सुटी सुटी होऊन दहा गावच्या सराफांकडे गेली असती, तर ही गोष्ट इतक्या ठसठशीतपणे कोणी सांगितली असती?

आपल्या विदर्भाचे उदाहरण तर याहून बोलके आहे. मंगरूळपीर तालुक्यात तऱ्हाळा येथे 1939 मध्ये सातवाहनांची सुमारे सोळाशे नाणी मिळाली. ना सोने ना चांदी. पोटीन नावाच्या हलक्या मिश्रधातूची. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ती वाचली, तेव्हा कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी असे राजे समोर आले. पुराणांच्या वंशावळींत त्यांचा पत्ताच नव्हता! मोडीत घातले तर त्या गाठोड्याचे काय आले असते? ते मोडीत गेले नाही, म्हणून तीन राजे इतिहासात परतले.

हे सारे मला गेल्या वर्षी फार जवळून आठवले. आमच्या सावनेरच्या बाजूला कापूस आणि संत्र्याची शेती. माझ्या वर्गातला एक मुलगा वडिलांना घेऊन घरी आला. बांधाजवळ खणताना गाडगे लागले होते. गाडगे फुटले, पोरांनी निम्मी नाणी खेळायला नेली, उरलेली नऊ धोतराच्या सोग्यात बांधून आणली होती. एका बाजूस सोंड उचललेला हत्ती, दुसरीकडे चार वर्तुळे जोडलेले चिन्ह. सातवाहन घाट दिसत होता. निर्णय अर्थात तज्ज्ञांचा.

"सर, सोनार म्हनते, याचं काई येत नाई," ते म्हणाले. मुलीचे लग्न तोंडावर आलेले. तिसऱ्या एका माणसाने नऊ नाण्यांचे तीन हजार देऊ केले होते, ते घ्यावे का, हे विचारायला ते आले होते. सरकारला कळले तर शेत जाईल, ही धास्ती वेगळीच.

1878 चा निखात निधीचा कायदा मी त्यांच्यापुढे मांडला. दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन भूमीत सापडले, तर कलेक्टरला लेखी कळवावे लागते. लपवले तर शिक्षा आहे. शेत काढून घेण्याची गोष्ट त्यात नाही. सरकारला धन हवे असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यायचा, असे त्यात आहे. इथे मात्र माझीच जीभ अडखळली. पोटीनच्या नाण्यांची धातूची किंमत ती काय? राजे परत आणणाऱ्या नाण्याला कायदा भंगाराचा भाव देतो आणि मग शेतकऱ्याने प्रामाणिक राहावे म्हणतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मंग लग्नाचं कसं?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते दोन दिवस विचार करून पुन्हा आले, अर्ज आम्ही मिळून लिहिला. पोरांकडची चार नाणीही गोळा झाली. लग्नाचे पैसे त्यांनी पुढे दुसरीकडून उभे केले. त्यांचे व्याज अजून फिटते आहे. अर्जाचे उत्तर यायचे आहे.

वाचकहो, आपल्या घरी जुनी नाणी असतील तर एवढे करा. घासू नका, माती असेल तर साध्या शुद्ध पाण्यात भिजवून मऊ कापडाने टिपा. काठाने धरा. प्लॅस्टिकच्या चिकट पिशवीऐवजी कागदाच्या पाकिटात ठेवा. शंभर वर्षांवरचे नाणे परदेशी धाडता येत नाही, हेही ध्यानात असू द्या. पूजेला नवा रुपया घ्या, लक्ष्मी रागावणार नाही. आणि प्रत्येक पाकिटात एक चिठ्ठी घाला: नाणे कोणाचे, कुठून आले, केव्हा आले.

त्या नऊ आणि चार नाण्यांबरोबर अर्जाला आम्ही अशीच चिठ्ठी जोडली आहे. शेताचा कुठला कोपरा, किती हात खोल, गाडगे कसे होते, सारे त्यात आहे. खाली त्या शेतकऱ्याची सही आहे. नाव लिहिताना त्यांचा हात थरथरत होता, पण अक्षर अगदी स्पष्ट आले आहे.