कुत्रा जाणार, हे मुलांना कधी सांगायचं?

प्लेनो, ॲलन, फ्रिस्कोकडच्या आपल्या बऱ्याच घरांत आता म्हातारी कुत्री आहेत. मुलं शाळेत असताना त्यांच्या हट्टापायी आणलेली. "कुत्रा गराजमध्ये राहील, घरात नाही, आणि त्याचं सगळं तुम्हीच करायचं" अशी अट बहुतेक आयांनी घातली होती. ती किती दिवस टिकली ते सर्वांना ठाऊक आहे. देशातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजीनं "शिवू नको रे बाबा" म्हणत म्हणत त्याला तूप-पोळीची चटक लावली. पुढे मुलं ऑस्टिनला नाहीतर कॉलेज स्टेशनला गेली आणि कुत्रा आई-बाबांच्या वाट्याला आला. आता तो बारा-तेरा वर्षांचा झाला आहे, मागच्या पायांत बळ राहिलेलं नाही, आणि एक दिवस व्हेट हळू आवाजात विचारते, "तुम्ही पुढचा काही विचार केला आहे का?"

त्या पुढच्या विचाराबद्दल मला थोडं लिहायचं आहे. माझं मत असं, की कुत्र्याचा शेवटचा दिवस मुलांपासून लपवू नये. लहान मुलं शाळेत गेली असताना गुपचूप उरकून येऊ नये, आणि कॉलेजातल्या मुलांना "परीक्षा आहे, संपल्यावर सांगू" म्हणून अंधारात ठेवू नये.

आपल्या मुलांनी घरातलं मरण पाहिलेलंच नसतं. आजी-आजोबा गेले ते पुण्याला, नागपूरला, सांगलीला. पहाटे फोन वाजला, बाबांनी घाईघाईनं बॅग भरली, विमानतळावर गेले, आणि पंधरा-वीस दिवसांनी डोक्याचा गोटा करून परत आले. मुलांनी पाहिलं ते एवढंच. त्यांच्या डोळ्यांदेखत म्हातारा झालेला, आजारी पडलेला घरातला पहिला जीव म्हणजे हा कुत्रा. रडायचं कसं, रडणाऱ्याजवळ बसायचं कसं, हे ती इथेच पहिल्यांदा शिकणार.

आणि लपवलेली बातमी काय असते ते आपल्याइतकं कोणाला ठाऊक असणार? "तू एवढ्या लांब, उगीच काळजी करत बसशील, म्हणून कळवलं नाही." हे वाक्य ऐकलेलं नाही असं घर आपल्यात क्वचितच सापडेल. वडिलांना ॲडमिट केलं होतं हे ते घरी आल्यावर कळतं, आईचं ऑपरेशन झाल्यावर कळतं. सांगणाऱ्यांच्या मनात मायाच असते. तरीही ते सलायचं काही राहत नाही. मग ऑस्टिनहून गाडीनं साडेतीन-चार तासांत घरी येऊ शकणाऱ्या मुलीवर आपण तीच वेळ का आणावी? तिला आधी कळवा. यायचं की नाही, ते ती ठरवील.

आपल्या पिढीची अडचण आणखी एक आहे. सुई देऊन मारायचं, हे पाप वाटतं. "देव नेईल तेव्हा नेईल" म्हणून आपण दिवस ढकलतो आणि तो मुका जीव कण्हत राहतो. अशांनी १९२८ सालची साबरमती आश्रमातली गोष्ट आठवावी. तिथलं एक वासरू असाध्य दुखण्यानं तळमळत होतं. गांधीजींनी डॉक्टरांना बोलावून, स्वतः तिथे उभं राहून, त्याला विषाचं इंजेक्शन द्यायला लावलं. त्यावरून त्यांच्यावर टीकेची झोड उठली. त्यांनी मात्र ही अहिंसाच आहे असं आपल्या पत्रातून लिहून सांगितलं. प्राणी गाईचा होता, मंडळी, आणि निर्णय गांधींचा!

वेळ झाली की नाही हे ठरवायला डॉ. ॲलिस व्हिलालोबोस या पशुवैद्य बाईंनी २००४ मध्ये एक साधी पद्धत दिली. वेदना, भूक, पाणी पिणं, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना शून्य ते दहा गुण द्यायचे. बेरीज ३५ च्या वर असेल तर अजून सांभाळायला हरकत नाही. हे गुण नवरा-बायकोनं वेगवेगळ्या कागदांवर द्यावेत असं मी सुचवीन. ज्याचा जीव जास्त गुंतलेला असतो त्याचे गुण नेहमी सढळ असतात.

लहान मुलाला "त्याला झोपवलं" असं सांगू नका. ते पोर रात्री झोपायला घाबरेल. "तो मरणार आहे, आता त्याला दुखणार नाही" असं सरळ सांगावं. प्रत्यक्षात काय होतं तेही आधीच सांगावं: बहुतेक ठिकाणी पहिल्या इंजेक्शननं गुंगी येते, दुसरं शिरेतून देतात ते भूल देण्याच्या औषधाचा फार मोठा डोस असतो, आणि काही मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतात, कधी नंतरही एखादा श्वास घेतल्यासारखं वाटतं, लघवी होते. हे माहीत नसलं तर मोठी माणसंसुद्धा दचकतात. हल्ली घरी येऊन हे करणारे व्हेटही मिळतात. कुत्र्याला दवाखान्याची धास्ती असेल तर तेच बरं.

"कुत्र्यासाठी एवढं?" असं म्हणणारे आपल्यात आहेतच. धर्मराजानं कुत्र्याला सोडून स्वर्गात पाऊल टाकायचं नाकारलं हे सर्वांना पाठ आहे. श्राद्धाच्या दिवशी गाईबरोबर, कावळ्याबरोबर कुत्र्याचाही घास आपण काढतो. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहूंच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. वाघाच्या तावडीतून त्यानं महाराजांना वाचवलं असं सांगतात आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला होता म्हणतात. (रायगडावरच्या वाघ्याच्या वादात मी शिरत नाही. त्यावर मंडळाच्या पिकनिकमध्ये पुरेशी भांडणं होतील.) तेव्हा कुत्र्याचा शोक करणं हे अमेरिकन खूळ आहे असं कोणी समजू नये. ओळखीच्या घरी कुत्रा गेल्याचं कळलं तर एक फोन करावा, जमल्यास संध्याकाळचा डबा न्यावा. "आता दुसरा आणा" हे मात्र निदान महिनाभर बोलू नये.

राहता राहिली दोन व्यवहाराची कामं. अस्थी परत हव्या असतील तर वेगळं दहन करायचं असं आधी सांगावं लागतं, कारण अनेक प्राण्यांच्या एकत्र दहनात त्या मिळत नाहीत. आणि दवाखान्यात जायचं असेल तर दिवसातली शेवटची वेळ मागून घ्या व पैसे आत जाण्यापूर्वी भरून टाका. म्हणजे नंतर रिकामा पट्टा हातात घेऊन काउंटरपाशी, दुसऱ्यांच्या पिल्लांमध्ये, क्रेडिट कार्ड शोधत उभं राहावं लागत नाही.