आईचीही ड्यूटी बदलली पाहिजे

अमरावतीचे इर्विन असो की अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय, वॉर्डातल्या सिस्टरची ड्यूटी बदलते. पेशंटच्या उशाशी बसलेल्या आईची बदलत नाही. सिकलसेलच्या घरांत हे वर्षानुवर्षे चालते. विदर्भात हा आजार आदिवासींत आणि आपल्या समाजात जास्त आढळतो. म्हणून हा प्रश्न आम्ही आपल्या घरचा मानतो.

लेकराचे हातपाय दुखू लागले की रात्र जागून निघते. सारखे पाणी पाजायचे, थंडी-उन्हापासून जपायचे, ताप आला की लगेच दवाखाना गाठायचा, गोळ्यांची वेळ चुकवायची नाही. यात रोजी बुडते ती वेगळी. वरून घरातलाच टोमणा: ‘तुझ्याच रक्तात दोष!’

आमचे म्हणणे, हा टोमणा आधी बंद करा. हा आजार आई आणि बाप, दोघांकडून दोष आला तरच होतो. दोघेही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून सोयरीक जुळवताना मुलामुलीचे, दोघांचेही रक्त तपासा. यात करणी नाही आणि मागच्या जन्मीचे पापही नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनी हा विचार नाकारलाच आहे.

आजारी भिक्खूकडे कोणी बघत नव्हते, तेव्हा तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन त्याला स्वतः धुतले-पुसले आणि एकमेकांची शुश्रूषा करण्याची जबाबदारी साऱ्या संघावर टाकली. आपण मात्र ती एका बाईवर टाकून मोकळे होतो.

रविवारी विहारात वंदना झाली की दहा मिनिटे थांबा. वस्तीत कोणाकडे आजारी आहे, दवाखान्यात रात्र कोण काढेल, डबा कोण नेईल, धाकट्या लेकरांकडे कोण बघेल, याची आठवड्याची यादी करा. रात्रीच्या यादीत पहिले नाव बापाचे लिहा. महिला मंडळ डबा बघेल, तर तरुण पोरांनी रात्री वाटून घ्याव्यात. जयंतीच्या वर्गणीतून थोडे पैसे ऑटोभाड्यासाठी बाजूला काढता येतात.

भेटायला जाल तेव्हा ‘हिंमत ठेव’ म्हणून, चहा पिऊन उठू नका. ‘आज मी बसतो, तू घरी जाऊन झोप,’ म्हणा.

आणि बाई, तुम्हीही उपाशी राहू नका, स्वतःचा बीपी तपासून घ्या. मन फारच खचले तर टेली-मानसच्या १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर बोला. मदत मागण्यात कमीपणा नाही. ती मागायची वेळच येऊ न देणे, हे वस्तीचे काम आहे.

जय भीम!