छोटे स्पीकर, त्यांचे स्टँड आणि खालच्या मावशी



खालच्या मजल्यावरच्या मावशी जिना चढून अभ्यासिकेच्या दारात आल्या, तेव्हा आम्हाला वाटले, आता आवाज कमी करा म्हणून बोलणी खावी लागणार. पण त्या म्हणाल्या, "भाऊ, आवाजाचं काही नाही. पोरं शिकतायत, शिकू द्या. पण तुमचं ते सुरू झालं की माझ्या मांडणीतली ताटं वाजतात. पोरगा रात्रपाळी करून येतो, दुपारचा झोपतो, तो दचकून उठतो." आम्ही खाली जाऊन पाहिले. मावशींचे म्हणणे खरे होते. वर कोणी बोलत होते आणि खाली भिंतीवरच्या मांडणीत स्टीलची ताटे बारीक थरथरत होती. आवाज थोडासाच येत होता, पण ताटाला बोट लावले की थरथर स्पष्ट कळत होती.

आमची अभ्यासिका कल्याण पूर्वेला कोळसेवाडीत, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आहे. दहा बाय पंधराची खोली, सतरंजी, दोन पंखे आणि एक स्टीलचे कपाट. मुलांना चांगले बोललेले इंग्रजी कानावर पडावे, जुन्या मुलाखती-भाषणे ऐकता यावीत, म्हणून वर्गणी काढून आम्ही दोन वापरलेले स्पीकर आणि एक लहान अँप्लिफायर घेतला. फूटभर उंचीची लाकडी पेटी, वजन सुमारे पाच किलो. दुकानदार त्यांना बुकशेल्फ स्पीकर म्हणतात, म्हणजे पुस्तकांच्या फळीवर मावणारे. नाव फसवे आहे. फळीत कोंबले की यांचा आवाज बिघडतो; आणि आमच्या फळ्यांवर पुस्तकांनाच जागा पुरत नाही, ती गोष्ट वेगळी.

म्हणून पहिल्यांदा ते कपाटावर ठेवले. पहिल्याच दिवशी १९५५ साली बीबीसीने घेतलेली बाबासाहेबांची मुलाखत लावली. सगळे शांत बसले होते. पण आवाज असा आला, जणू कोणी माठात तोंड घालून बोलत आहे. एक म्हातारे गृहस्थ मागे बसले होते. ते म्हणाले, "बाबांचा आवाज असा नव्हता." आम्ही रेकॉर्डिंग जुने आहे म्हणून सांगितले. रेकॉर्डिंग जुने आहेच, पण दोष त्याचा नव्हता, कपाटाचा होता. ते आम्हाला पुढे कळले. त्या दिवशी आम्ही ज्येष्ठ माणसाला चुकीचे उत्तर दिले.

कपाट का गुणगुणते? स्पीकरचा कागदी पडदा पुढे-मागे होतो तेव्हा तो जितक्या जोराने हवेला ढकलतो, तितक्याच जोराने पेटीला मागे रेटतो. पडदा दहा-बारा ग्रॅमचा आणि पेटी पाच किलोची, म्हणून पेटी हललेली डोळ्याला दिसत नाही. पण ती हलते, आणि ज्यावर ठेवली त्यालाही हलवते. स्टीलच्या कपाटाचा पत्रा पातळ आणि मोठा. तो मग स्वतःच एक दुसरा स्पीकर होतो, आणि ठरावीक सुरांनाच जास्त घुमतो. माणसाच्या बोलण्यातला जाड भाग त्या घुमण्याने फुगतो आणि क, त, स, श ही नाजूक अक्षरे त्याखाली दबतात. इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला तीच अक्षरे हवी असतात. काचेच्या शोकेसवर, पोकळ टीव्ही-टेबलावर हाच प्रकार होतो. घरी करून बघा: बातम्या लावा आणि कपाटाच्या दाराला तळहात टेकवा.

तेव्हा स्टँड हवेत असे ठरले. येथे आमचा दोष सांगितला पाहिजे. हिशेब आमच्याकडे असतो. चांगल्या स्टँडची किंमत ऐकून आम्ही एक स्वस्त जोडी आणली: दोन फुटी पातळ नळी, खाली आठ इंचांची पत्र्याची चौकट. वर्गणीचे पैसे वाचवले म्हणून सभेत आमचे कौतुक झाले आणि आम्ही ते करून घेतले. तिसऱ्या रविवारी बालवर्गात पहिलीतली एक मुलगी पेन्सिल उचलायला वाकली, वायरीत तिचा पाय अडकला आणि स्पीकर स्टँडसकट खाली आला. तिच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर. पेटीचा कोपरा फुटला. मुलगी रडलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली. तिच्या आईने आम्हाला एक शब्द विचारला नाही, आणि त्यामुळे आम्हाला जास्त वाईट वाटले.

त्या रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसलो. उंच नळी हलकी, सगळे वजन वर, पाया आठ इंच. असा स्टँड जेमतेम दहा अंश कलला की परत उभा राहत नाही, पडतोच. पाया रुंद केला, उंची कमी केली आणि वजन तळाशी आणले तर हाच आकडा तीस अंशांपर्यंत जातो. त्यात बाजारातल्या स्टँडची उंची आपल्यासाठी नसतेच. दोन फुटी स्टँड हे सोफ्यावर बसणाऱ्यांच्या कानाच्या हिशेबाने केलेले असतात. आपण सतरंजीवर बसतो. जमिनीवर मांडी घालून बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून सव्वादोन-अडीच फुटांवर असतो. पेटीतला वरचा लहान स्पीकर, ज्याला ट्वीटर म्हणतात, तो साधारण तेवढ्या उंचीवर यावा. म्हणजे आपल्याला दीड फुटाचा स्टँड पुरतो, आणि ठेंगणा असल्याने तो पडतही कमी. घरात खाली बसणाऱ्यांनी ही गोष्ट दुकानात आठवणीने सांगावी.

जवळच्या वेल्डिंगवाल्याकडून नवीन जोडी करून घेतली. खाली बारा इंच चौरस, आठ मिलिमीटर जाडीची लोखंडी प्लेट. एकीचेच वजन साडेपाच किलोच्या पुढे भरले. मधे चार इंची नळी, वर पेटीच्या तळाएवढी प्लेट. नळीत दोन तृतीयांश वाळू, म्हणजे सुमारे पावणेचार किलो. वाळूने दोन कामे होतात: वजन खाली येते आणि नळी टिचकी मारली तर घंटेसारखी वाजत नाही. वाळू मात्र बांधकामावरची ओली उचलून भरू नका. आपल्याकडे खाडीच्या वाळूत खार असतो, लोखंड आतून गंजते. चाळून, गोड्या पाण्याने धुऊन, दोन-तीन कडक उन्हे दाखवून, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून मग नळीत सोडावी. नळी तोंडापर्यंत भरू नये, नाहीतर वजन पुन्हा वर चढते.

पायाला चार कोपऱ्यांत चार बोल्ट, खालून-वर फिरवता येणारे. जुन्या इमारतीत लादी कधी सपाट नसते. तीन पायांचे टेबल डगमगत नाही हे खरे, पण ते कोपऱ्याकडून लवकर कलंडते. लहान मुले असतील तेथे चारच बरे, बोल्ट फिरवून समतोल साधावा. काही शौकीन खाली टोकदार खिळे लावतात. ती पद्धत गालिचे अंथरलेल्या घरांची. खिळा गालिच्यातून खालच्या जमिनीपर्यंत पोचावा म्हणून. आपल्या लादीवर तो घसरतो आणि ओरखडे पाडतो. आम्ही बोल्टचे डोके गोल ठेवले आणि त्याखाली जाड रबराची एकेक चकती दिली.

स्टँड उभे राहिले. जरा धक्का दिला तरी हलेनात. आवाज असा स्वच्छ झाला की मुलाखत पुन्हा लावली, तेव्हा मुलांनी दोन-तीन वाक्ये वहीत उतरवून घेतली. आम्ही खूश झालो. आणि त्याच आठवड्यात मावशी वर आल्या.

पडू नये म्हणून जे केले, त्यानेच ताटे वाजू लागली होती. पेटी घट्ट, स्टँड घट्ट, खालच्या चकत्याही कडक. पेटीचा हादरा आता सरळ लादीत, लादीतून भिंतीत आणि भिंतीतून मावशींच्या मांडणीत उतरत होता. भर म्हणजे आवाज चांगला येतो म्हणून आम्ही तो थोडा वाढवलाही होता. हे आम्ही मावशींना त्या दिवशी सांगितले नाही.

हादरा अडवायचा तर मधे काहीतरी मऊ हवे. पण मऊ म्हणजे डुगडुगणारे, आणि डुगडुगणारे म्हणजे पडणारे. एका कार्यकर्त्याने स्टँडखाली गोधडीची घडी घालून पाहिली. स्टँड सरबतवाल्याच्या गाडीसारखा झुलू लागला. ती लगेच काढली. दुसऱ्याने वॉशिंग मशिनखाली ठेवतात त्या रबरी गाद्या आणल्या आणि पेटीखाली ठेवल्या. ताटे वाजतच राहिली. कारण त्या गाद्या पन्नास-साठ किलोच्या यंत्रासाठी केलेल्या. आमच्या पाच किलोच्या पेटीने त्या दबल्याच नाहीत. जी गादी दबत नाही ती दगडासारखीच.

येथे एक हिशेब उपयोगी पडतो, तो बीकॉम झालेल्या माणसालाही जमतो. पेटी ठेवल्यावर गादी किती मिलिमीटर दबली ते पट्टीने मोजा. त्या आकड्याचे वर्गमूळ काढा आणि सोळाला त्याने भागा. येईल तो आकडा म्हणजे ती पेटी त्या गादीवर सेकंदाला किती वेळा आपसूक डोलेल. एक मिलिमीटर दबली तर सोळा वेळा. एक दशांश मिलिमीटरच दबली तर पन्नास वेळा. आता लहान स्पीकरचे सर्वांत खालचे सूर पन्नास-साठच्या आसपास असतात. गादीचा आकडा त्याच्याच जवळ आला तर ती हादरा अडवत नाही, उलट वाढवते, झोक्याला नेमक्या वेळी धक्का द्यावा तसा. आकडा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा खाली असेल तर चांगला अटकाव होतो. रबर प्रत्यक्षात या हिशेबापेक्षा थोडे कडकच वागते, म्हणून एक मिलिमीटरवर समाधान मानू नये.

उपाय सापडला तो गल्लीतल्या क्रिकेटमधून. मुलांचे मेलेले टेनिस बॉल मागून आणले आणि मधोमध कापले. एका पेटीखाली चार वाट्या, कापलेली कड खाली, वरच्या प्लेटच्या चार कोपऱ्यांवर. पेटी ठेवली तेव्हा प्रत्येक वाटी दीड-दोन मिलिमीटर दबली. हिशेबाने अकरा ते तेरा. वाटी घसरू नये म्हणून तिच्या खाली आणि डोक्यावर वाटाण्याएवढी चिकट पुट्टी लावली, भिंतीवर कागद डकवायला मिळते ती, ब्लू टॅक किंवा तशीच दुसरी. दोन वाट्या दबल्या आणि दोन तशाच राहिल्या तर पेटी एका बाजूला झुकते, म्हणून चारही बॉल सारखेच जुने घ्यावेत.

मऊ वस्तू स्टँडच्या तळाशी न घालता पेटीच्या लगेच खाली घातली, यातच सगळे आले. तळाशी घातली असती तर अख्खा स्टँड तिच्यावर झुलला असता. आता झुलली तर फक्त पेटी, तीही केसभर. खालचा सोळा-सतरा किलोंचा डोलारा लादीवर घट्ट बसलेला आहे. लहान मुलांसाठी आणखी एक खबरदारी म्हणून पेटीला नायलॉनच्या दोरीने वरच्या प्लेटशी बांधले. दोरी मात्र बोटभर सैल ठेवली. ती ताणून बांधली तर हादरा दोरीतूनच खाली उतरतो आणि बॉलच्या वाट्यांचा उपयोग राहत नाही. वायरीचेही तेच: पेटीच्या मागे एक सैल वळसा, मग वायर नळीला बांधून खाली, आणि पुढे भिंतीच्या कडेने पट्टी मारून. पाय अडकण्यासारखी वायर आता खोलीत नाही. आमच्या पेट्यांना मागे भोक आहे, म्हणून त्या भिंतीपासून फूटभर पुढे आणि कोपऱ्यापासून दूर ठेवल्या. भिंतीला चिकटवल्या तर खालचे सूर नुसते फुगतात.

आवाज कसा झाला याची परीक्षा खोलीत बसून घ्यायची नसते. एका मुलाला वर बसवून प्रल्हाद शिंदे यांचे एक गाणे लावायला सांगितले आणि आम्ही मावशींच्या स्वयंपाकघरात ताटाला बोट लावून उभे राहिलो. प्रल्हाद शिंदे २००४ साली गेले, पण तो खडा आवाज अजून भिंती ओलांडून येतो. आवाजाचे काही नाही. ताटे हलवते ती ढोलकीची थाप. थाप पडली. ताट गप्प. मावशींनीही बोट लावून पाहिले. तेवढ्यात रुळांवरून मालगाडी गेली आणि मांडणीतली सगळी भांडी खणखणली. मावशी हसल्या. "तिला काय बांधणार आता?" म्हणाल्या.

एवढे झाल्यावर मावशींचा त्रास संपला असे कोणी समजू नये. वाट्या अडवतात तो पेटीतून लादीत उतरणारा हादरा. हवेतून खिडकी-जिन्यावाटे जाणारा आवाज त्या अडवत नाहीत, कोणतीच गादी अडवत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पण रात्रपाळी करणाऱ्याची रात्र दुपारी असते, आणि ती कोणत्या नियमात लिहिलेली नाही. मावशींना विचारले, मुलगा किती वाजता उठतो. पाच वाजता, त्या म्हणाल्या. अभ्यासिकेचा ऐकण्याचा वर्ग आता साडेपाचला सुरू होतो. ज्या म्हाताऱ्या गृहस्थांना आम्ही चुकीचे उत्तर दिले होते, त्यांना पुढच्या रविवारी घरून बोलावून आणायचे आहे.