सीमेपलीकडचे देणे

एखादी पेढी कर्ज मागावयास आली, की धनको तिचे तारण पाहतो, उलाढाल पाहतो आणि डोक्यावर आणखी कोणाचे देणे आहे, हेही विचारतो. बँकेचे देणे खात्यात दिसते, व्यापाऱ्याचे बिलात दिसते. पण ‘म्हातारपणी निवृत्तिवेतन देऊ’ असा शब्द कामगाराला दिलेला असेल, तर ते देणे वीस-तीस वर्षांनी दारात उभे राहते. बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या कर्जकरारांत, विशेषतः अमेरिकी धाटणीच्या करारांत, ‘परदेशी कर्मचारी लाभ योजना’ या नावाचे कलम असते, ते याच देण्यासाठी.

या कलमामागे एक जुनी जखम आहे. १९६३ च्या अखेरीस अमेरिकेतील साउथ बेंड येथला स्टुडबेकर मोटारींचा कारखाना बंद पडला आणि निवृत्तिनिधी अपुरा असल्याचे उघड झाले. चाळीस ते साठ या वयातील हजारो कामगारांच्या हाती हक्काच्या रकमेपैकी सुमारे १५ टक्केच पडले. त्यांहून तरुण असलेल्यांना काहीच मिळाले नाही. अशा अनुभवांतून १९७४ मध्ये ‘एरिसा’ हा कायदा झाला. निधी किती राखावा याचे नियम ठरले आणि विम्याचे संरक्षण आले. मात्र अमेरिकेबाहेर, प्रामुख्याने तिथल्याच लोकांसाठी चालणाऱ्या योजना या कायद्याने वगळल्या. कायद्याने सोडलेली ही जागा बँकांनी कराराने भरून काढली.

कलमाचा आशय साधा आहे. कर्जदार कंपनी लिहून देते, की तिच्या प्रत्येक परदेशी योजनेत त्या त्या देशाचा कायदा पाळला जातो. भरावयाची वर्गणी वेळेवर भरली आहे. आणि दिलेल्या शब्दामागे निधी, विमा किंवा हिशेबातील तरतूद आहे. हे कथन महत्त्वाच्या बाबतीत खोटे ठरले, तर तो करारभंग होतो आणि बँका उरलेले कर्ज एकदम मागू शकतात. ‘कंपनीवर मोठा प्रतिकूल परिणाम होणार नसेल, तर’ अशी सवलत मात्र बहुधा असते आणि वकिलांची खरी घासाघीस तिच्यावरच चालते.

देशादेशांची रीत निराळी असल्याने हे कलम मोघम ठेवून भागत नाही. जर्मनीत अनेक कंपन्या वेगळा निधी न काढता स्वतःच्या ताळेबंदातच तरतूद दाखवतात. ब्रिटनमध्ये २००४ च्या कायद्याने नियामकाला असा अधिकार दिला, की योजनेतील तूट भरण्यासाठी तो समूहातील दुसऱ्या कंपनीकडेही बोट दाखवू शकतो. पुण्यात उपकंपनी असलेल्या अमेरिकी उद्योगाच्या दृष्टीने तर आपली ग्रॅच्युइटी हीच ‘परदेशी योजना’ होय!

हे देणे किती जड असू शकते, हे मुंबईच्या उद्योगविश्वानेही पाहिले आहे. टाटा स्टीलने २००७ मध्ये कोरस ही कंपनी घेतली, तेव्हा ब्रिटिश स्टीलची एक लाखाहून अधिक सदस्यांची निवृत्तिवेतन योजनाही तिच्यासोबत आली. तो भार वेगळा करताना २०१७ मध्ये योजनेला ५५ कोटी पौंड आणि ब्रिटनमधील कंपनीचे ३३ टक्के भाग द्यावे लागले. सदस्यांपुढे जे पर्याय राहिले, त्यांतही मूळ लाभांना कात्री लागलीच.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावयास हवी. हे कलम बँकेच्या पैशाचे रक्षण करते, कामगाराच्या म्हातारपणाचे नव्हे. कामगार त्या करारात पक्षकार नसतो. बँकेने करारभंगाकडे काणाडोळा करावयाचे ठरवले, तर त्याला विचारण्याचीही गरज नसते. म्हणून ज्या घरातील कोणी परदेशी कंपनीच्या उपकंपनीत नोकरीस आहे, त्या घराने एक प्रश्न अवश्य विचारावा: आमची ग्रॅच्युइटी स्वतंत्र न्यासात किंवा विमा कंपनीकडे ठेवली आहे, की केवळ ताळेबंदातील एक आकडा आहे? कोट्यवधींचे कर्ज देणारी बँक जे विचारल्यावाचून पुढे जात नाही, ते आयुष्याची उमेदीची वर्षे देणाऱ्याने का विचारू नये?